झिजलेल्या साखळी-करवतीच्या इंजिनाची अल्प खर्चात फेरबांधणी

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर आदळले आणि श्रीवर्धन, मुरुड, मंडणगड, दापोली या भागांतील नारळ, सुपारी, आंबा व काजूच्या बागा एका दिवसात आडव्या झाल्या. पुढील वर्षीच्या मे महिन्यात तौक्ते वादळाने किनारपट्टीला पुन्हा तडाखा दिला. कुऱ्हाड आणि हातकरवत यांच्या बळावर ही पडझड आवरणे शक्य नव्हते. सबब अनेक बागायतदारांनी पेट्रोलवर चालणारी साखळी-करवत, जिला बाजारात व बोलीत चेन सॉ म्हणतात, विकत घेतली. वादळाचे काम संपल्यावर हेच यंत्र जुन्या, उंच वाढलेल्या आंब्याच्या झाडांची छाटणी करण्यास, वाळलेल्या फांद्या उतरविण्यास व सरपण फोडण्यास उपयोगी पडू लागले. (उभा आंबा, फणस किंवा साग तोडावयाचा असल्यास महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, १९६४ अन्वये परवानगी घ्यावी लागते. करवत घरची आहे म्हणून ती चुकत नाही.)

आता यांपैकी बरीच यंत्रे थकली आहेत. दोरी वीस वेळा ओढावी तेव्हा एकदा पेटतात, गरम झाली की बंद पडतात, आणि लाकडात घातली की दम सोडतात. बाजारात सिलिंडर, पिस्टन, रिंगा, पिन व क्लिपा यांचा संच, ज्याला दुकानदार ‘सिलिंडर किट’ म्हणतात, नव्या यंत्राच्या किमतीच्या लहानशा अंशात मिळतो. मूळ कंपनीचा नसलेला हा माल कित्येकदा चांगला निघतो. तो बसविणेही फारसे अवघड नाही. असे असूनही फेरबांधणी केलेली यंत्रे पुष्कळदा आठवड्याच्या आत पुन्हा जाम होतात, आणि दोष किटच्या माथी मारला जातो.

एका बागायतदाराच्या बाबतीत असेच घडले. त्याने पहिला पिस्टन जाम झाल्यावर किट आणून बसविले. यंत्र पहिल्या ओढीला सुरू झाले. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याच जागी, त्याच प्रकारे, पिस्टन पुन्हा धरला. दुसरे किट आणले, तेही तीन दिवसांत गेले. तिसऱ्या वेळी एका जाणत्या मिस्त्रीने कार्ब्युरेटर व सिलिंडर यांमधील रबरी नळी काढून बोटांनी वाकविली, तेव्हा तिच्या खालच्या अंगास नखाएवढी चीर दिसून आली. सारा घोटाळा त्या चिरेचा होता. दोन किटांचे पैसे आणि ऐन छाटणीचे दिवस व्यर्थ गेले.

आधी मरणाचे कारण शोधावे

साखळी-करवतीचे इंजिन दोन टप्प्यांचे, म्हणजे टू-स्ट्रोक, असते. त्यात चारचाकी किंवा ऑइल इंजिनाप्रमाणे तेलाची वेगळी टाकी नसते. पेट्रोलमध्ये मिसळलेले तेल हेच पिस्टन, बेअरिंग व क्रँक यांचे एकमेव वंगण होय. पिस्टन वर जात असता त्याच्या खालच्या क्रँककेसमध्ये पेट्रोल-हवेचे मिश्रण ओढले जाते. तो खाली येत असता तेच मिश्रण दाबले जाऊन बाजूच्या वाटांनी वर चढते. अर्थात या इंजिनात पिस्टनच्या वर आणि खाली अशा दोन्ही ठिकाणी हवाबंदपणा पाहिजे. कोठे चीर पडली, ऑइल सील कडक झाले किंवा पॅकिंग फाटले, तर बाहेरची फुकट हवा आत शिरते. पेट्रोलचे प्रमाण घटते, जळण अधिक तापते, आणि पेट्रोलबरोबर येणारे तेलही त्याच प्रमाणात घटते. उष्णता वाढावी आणि वंगण कमी व्हावे, हे एकाच वेळी घडते. मग पिस्टनचे ॲल्युमिनियम वितळून सिलिंडरच्या भिंतीस चिकटते.

यास्तव पाना हातात घेताच किट मागविण्याची घाई करू नये. प्रथम सायलेन्सर काढून धूर बाहेर जाण्याच्या छिद्रातून पिस्टनकडे पाहावे. दोरी हळू ओढून पिस्टन वरखाली करावा व विजेरीच्या उजेडात त्याचे अंग न्याहाळावे. गुळगुळीत, करड्या रंगाचे अंग असेल तर पिस्टन बहुधा ठीक आहे. उभे ओरखडे दिसल्यास ते कोणत्या बाजूस आहेत हे नीट पाहावे, कारण पिस्टन आपल्या नाशाची हकीकत स्वतःच सांगत असतो. ओरखडे केवळ धूर जाण्याच्या बाजूस असतील, तर इंजिन गरजेपेक्षा कमी पेट्रोलवर चालून तापले असे समजावे. हवेची गळती, कार्ब्युरेटरमधील कचरा किंवा चुकीने फिरविलेला स्क्रू यांपैकी एक कारण असते. ओरखडे चोहोबाजूंनी असतील, तर पेट्रोलमध्ये तेल टाकण्याचे राहून गेले किंवा फार कमी पडले. मजूर बदलला, बाटली बदलली, आणि कोणीतरी निव्वळ पेट्रोल ओतले, असे घडणे अजिबात दुर्मिळ नाही. हवा आत येण्याच्या बाजूस पिस्टन निस्तेज, घासल्यासारखा व बारीक रेघांचा दिसत असेल, तर धूळ आत गेली आहे. कोकणातील जांभ्याची तांबडी माती व सुक्या लाकडाचा भुसा फाटक्या फिल्टरमधून शिरला की तो पॉलिश पेपराचे काम करतो.

त्यानंतर दाब मोजावा. मोटरसायकलच्या गॅरेजमध्ये असणारे कॉम्प्रेशन गेज चालते. मात्र ज्या गेजाची झडप नळीच्या प्लगकडील टोकाशी असेल तेच घ्यावे. इंजिन लहान असल्यामुळे लांब नळीत हवा राहिली की आकडा खोटा, कमी दिसतो. स्विच बंद करावा, चोक उघडा ठेवावा, रेस पूर्ण दाबून धरावी, आणि काटा पुढे सरकेनासा होईपर्यंत, म्हणजे सहा ते आठ वेळा, दोरी जोराने ओढावी. दर चौरस इंचास १३० ते १५० पौंड दाब भरला तर इंजिनाचे वरचे अंग निरोगी आहे, व दुखणे अन्यत्र शोधावे. ११० च्या खाली यंत्र कुरकुर करू लागते. ९० च्या खाली त्याच्याकडून कामाची अपेक्षा करू नये. दाब कमी आढळल्यास प्लगच्या छिद्रातून तेलाचे चार थेंब सोडून पुन्हा मोजावे. आकडा लक्षात येण्याइतका वाढला तर रिंगा व सिलिंडर झिजले आहेत असे समजावे.

उघडणे

यंत्र आधी रॉकेल किंवा पेट्रोलमध्ये बुडविलेल्या ब्रशाने बाहेरून पूर्ण स्वच्छ करावे. बाहेरचा चिकट भुसा आत पडू देणे हे नव्या पिस्टनचे आयुष्य पहिल्याच दिवशी कमी करणे होय. हे काम चुलीपासून व विडीपासून दूर, उघड्यावर करावे.

क्लच काढताना पुष्कळ जण फसतात. त्याचे आटे उलटे असतात, म्हणून तो घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरविल्यावर सुटतो. नेहमीच्या सवयीने जोर लावल्यास तो अधिकच आवळला जातो. क्रँक फिरू नये म्हणून प्लगच्या छिद्रातून सुती दोरीचा तुकडा आत सोडावा व पिस्टन तिच्यावर टेकू द्यावा. लोखंडी सळई किंवा पेचकस घालून पिस्टन अडविल्यास त्याचे डोके फुटते. दोरीचे टोक बाहेर राहील याची काळजी घ्यावी.

सिलिंडर साधारणतः चार स्क्रूंनी बसविलेला असतो. तो सरळ वर उचलावा व लगेच क्रँककेसचे तोंड स्वच्छ फडक्याने झाकावे. आता कनेक्टिंग रॉड हाताने वरखाली ओढून पाहावा. उभ्या दिशेने खडखड जाणवली तर मोठ्या टोकाचे बेअरिंग गेले आहे. बाजूस थोडे हलणे स्वाभाविक असते. क्रँक फिरविताना खरखर लागते काय, हेही बोटांनी अजमावावे. रॉड ढिला, बेअरिंगची बैठक रुंदावलेली किंवा क्रँककेस तडकलेली असल्यास फेरबांधणीचा नाद सोडून द्यावा. अशा यंत्रात घातलेले किट वाया जाते, व त्यापेक्षा त्याचे उरलेले भाग दुसऱ्या यंत्रासाठी जपून ठेवणे शहाणपणाचे ठरते.

जुना सिलिंडर टाकून देण्यापूर्वी

स्कूटरच्या जुन्या बिडाच्या सिलिंडरास गॅरेजवाले बोअर मारून मोठा पिस्टन बसवीत असत. ही युक्ती येथे चालत नाही. साखळी-करवतीचा सिलिंडर ॲल्युमिनियमचा असून त्याच्या आतल्या भिंतीवर क्रोम किंवा निकेलचा अत्यंत पातळ व कठीण मुलामा असतो. बोअर मारला की मुलामा गेला आणि सिलिंडर निकामी झाला.

परंतु पुष्कळदा भिंतीवर दिसणारे ओरखडे सिलिंडरचे नसतातच. ते पिस्टनचे चिकटलेले ॲल्युमिनियम असते. हे काढता येते. फरशी साफ करण्याचे जे हायड्रोक्लोरिक ॲसिड किराणा दुकानात मिळते, त्यात काडीला गुंडाळलेला कापूस भिजवून केवळ त्या चट्ट्यांवर फिरवावा. बुडबुडे येत आहेत तोवर ॲल्युमिनियम विरघळत आहे असे समजावे. बुडबुडे थांबले की काम झाले. छिद्रांच्या कडांना व बाहेरील उघड्या धातूस ॲसिड लागू देऊ नये, कारण तेथे मुलाम्याचे संरक्षण नसते. हातमोजे व चष्मा घालून, वाऱ्याकडे पाठ करून हे करावे. मग भरपूर पाणी व थोडा खायचा सोडा यांनी धुऊन, कोरडे करून, तेलाचा हात फिरवावा. यानंतर भिंतीवर नख फिरविले असता ते कोठेही अडकले नाही, तर जुना सिलिंडर ठेवून केवळ नवा पिस्टन व रिंगा घ्याव्यात. मूळ कंपनीचा मुलामा स्वस्त किटच्या मुलाम्यापेक्षा सहसा सरस असतो, हे ध्यानात ठेवावे. मुलामा पापुद्र्यासारखा सुटलेला किंवा उघडा धातू दिसत असल्यास मात्र नवा सिलिंडर घेण्यावाचून गत्यंतर नाही.

स्वस्त मालाची पारख

किट विकत घेताना केवळ यंत्राच्या नावावर अवलंबून राहू नये. जुना पिस्टन बरोबर न्यावा. व्यास, पिनेचा व्यास, पिनेपासून डोक्यापर्यंतची उंची ही तिन्ही मापे व्हर्नियरने ताडून पाहावीत. जुना व नवा पिस्टन सोनाराच्या काट्यावर तोलून पाहिल्यास उत्तमच. वजनात मोठा फरक असेल तर यंत्र हातात थरथरते व क्रँकच्या बेअरिंगवर भार येतो.

घरी आणल्यावर सिलिंडरमधील छिद्रांच्या कडा बोटाने चाचपाव्यात. स्वस्त मालात येथेच कुचराई आढळते. कडा धारदार राहिल्या तर रिंग त्यांत अडकून तुटते. बारीक पॉलिश पेपर बोटावर घेऊन त्या कडा हलकेच गोलवाव्यात, मात्र मुलामा उचलला जाईल असे घासू नये. नंतर साबणाच्या गरम पाण्याने सिलिंडर धुवावा. कारखान्यातील धातूचा कीस बहुधा तसाच राहिलेला असतो.

रिंग सिलिंडरमध्ये घालून पिस्टनच्या डोक्याने ती सरळ आत ढकलावी व तिच्या दोन टोकांमधील फट फिलर गेजने मोजावी. ४५ मि. मी. व्यासाच्या सिलिंडरास ०.२ ते ०.४ मि. मी. फट योग्य होय. कमी असल्यास तापल्यावर टोके एकमेकांस भिडून रिंग मोडते. अशा वेळी टोक बारीक कानशीने किंचित घासावे. फार जास्त असल्यास ती रिंग परत करावी.

सर्वच भाग स्वस्त घ्यावेत असे नाही. सिलिंडर व पिस्टन यांत बचत करण्यास हरकत नाही. क्रँकची बेअरिंगे, ऑइल सील, पिनेच्या क्लिपा, पेट्रोलची नळी व कार्ब्युरेटरचे रबरी पडदे मात्र चांगल्या प्रतीचेच घ्यावेत. या वस्तूंची किंमत थोडी, पण त्यांतील एकीने दगा दिला तर सबंध किट जाते. विशेषतः किटबरोबर येणारी क्लिप मऊ तारेची असेल तर ती वापरू नये. ती निसटून सिलिंडरात शिरली की दुरुस्तीला काही उरतच नाही.

बांधणी

क्रँककेसमध्ये जुन्या पिस्टनचा चुरा राहिलेला असतो. स्वच्छ पेट्रोल ओतून, क्रँक फिरवून, यंत्र उलटे करून ते काढून टाकावे. बाहेर येणारे पेट्रोल पांढऱ्या फडक्यावर चमकेनासे होईपर्यंत ही क्रिया करावी. लगेच बेअरिंगांत टू-स्ट्रोकचे तेल सोडावे.

पिस्टनच्या डोक्यावरील बाण सायलेन्सरकडे असावा. क्लिपेचे उघडे तोंड वर किंवा खाली ठेवावे, आडवे नव्हे, कारण वरखाली होणाऱ्या गतीने आडवी क्लिप दबून सुटू शकते. रिंगेची टोके खोबणीतील बारीक खुंटीच्या दोन बाजूंस बसली आहेत याची खात्री करावी. सर्व अंगांना तेल लावून, बोटांनी रिंगा दाबून धरून, सिलिंडर सरळ खाली उतरवावा. उतरविताना तो फिरवू नये. फिरविल्यास रिंगेचे टोक छिद्रात अडकते व पुढे जोर लावताच कट असा आवाज येतो, जो ऐकणाऱ्यास बराच काळ आठवतो. पॅकिंगला छिद्र असल्यास ते खालच्या छिद्राशी जुळवावे. ते झाकले गेले तर कार्ब्युरेटरचा पंप चालत नाही. स्क्रू समोरासमोरच्या जोडीने, थोडे थोडे आवळावेत.

पिस्टन वरच्या टोकाला असता तो व सिलिंडरचे डोके यांत किती अंतर राहते, हे सोल्डरच्या तारेने मोजता येते. तार प्लगच्या छिद्रातून कडेपर्यंत घालून क्रँक एकदा फिरवावा व चेपटलेले टोक मोजावे. निदान ०.५ मि. मी. अंतर पाहिजे. त्याहून कमी आढळल्यास जाड पॅकिंग घालावे. मॅग्नेट व कॉइल यांमध्ये साध्या पोस्टकार्डाच्या जाडीएवढे, सुमारे ०.३ मि. मी., अंतर ठेवावे.

आता ती चाचणी, जी त्या बागायतदाराने केली असती तर त्याची दोन किटे वाचली असती. धूर जाण्याचे तोंड व कार्ब्युरेटरची वाट सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे लावून बंद करावी. कार्ब्युरेटर काढल्यावर उघडे राहणारे पंपाचे बारीक छिद्रही बंद करावे. प्लगच्या छिद्रातून किंवा ट्यूबमधून एक नळी आत नेऊन हवा भरावी. रक्तदाब मोजण्याच्या जुन्या यंत्राचा फुगा व तबकडी या कामी फार सोयीची पडते. ३०० च्या आकड्यापर्यंत दाब चढवावा व थांबावे. काटा स्थिर राहिला तर ठीक. उतरू लागला तर पॅकिंगची कड, क्रँकची दोन्ही टोके, रबरी नळी व तिचा पट्टा यांवर साबणाचे पाणी सोडून बुडबुडे शोधावेत. ऑइल सील कधी कधी आतून दाब असता धरते व ओढ लागली की सोडते. म्हणून शक्य असल्यास हवा ओढूनही चाचणी करावी. गळती राहिली असता यंत्र सुरू करू नये, मग छाटणीची कितीही घाई असो.

पेट्रोल, तेल व पहिले काम

पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. इथेनॉल हवेतील ओलावा शोषते, आणि पावसाळ्यात टाकीत राहिलेल्या पेट्रोलमध्ये पाणी तळाशी वेगळे होते. जुन्या प्रकारच्या रबरी नळ्या व पडदे त्याने फुगतात किंवा ताठरतात. यास्तव आठवड्यापुरतेच मिश्रण करावे, व पावसाळ्यासाठी यंत्र ठेवण्यापूर्वी टाकी रिकामी करून ते आपोआप बंद पडेपर्यंत चालवावे.

तेल टू-स्ट्रोकचेच घ्यावे. ट्रॅक्टरचे किंवा मोटारीचे तेल चालत नाही. प्रमाण यंत्राच्या पुस्तिकेत दिलेले असते. दर लिटरास २० मि. लि. म्हणजे पन्नासास एक, आणि ४० मि. लि. म्हणजे पंचवीसास एक. अंदाजाने झाकणभर ओतण्यापेक्षा औषधाच्या दुकानातील मोठी सिरिंज मापासाठी ठेवावी. गावात एकच यंत्र अनेकांच्या हाती जाते, म्हणून मिश्रणाचा कॅन वेगळ्या रंगाचा असावा व त्यावर ठळक अक्षरांत लिहावे.

प्रथम यंत्र दोन-चार मिनिटे मंद चालवून थंड होऊ द्यावे. असे दोन-तीनदा करून मग लहान फांद्या कापाव्यात. पहिल्या दोन-तीन टाक्यांत लाकडाशिवाय पूर्ण रेस देऊ नये. कार्ब्युरेटरचा मोठ्या वेगाचा स्क्रू, ज्याजवळ एच हे अक्षर असते, असा ठेवावा की मोकळ्यावर पूर्ण रेस दिली असता आवाज किंचित फुटका, भरडा यावा व लाकडात शिरताच तो स्वच्छ व्हावा. मोकळ्यावर तीक्ष्ण किंकाळीसारखा आवाज येणे पुष्कळांना जोमाचे लक्षण वाटते. ते कमी पेट्रोलचे लक्षण असते.

बोथट साखळीही इंजिन मारते. लाकडाचे ढलपे न पडता पिठासारखा भुसा पडू लागला की मजूर यंत्र दाबतो, ते तापते, आणि हवेचा फिल्टर त्याच पिठाने भरतो. तेव्हा कानस जवळ असावी व दर टाकीस साखळीवर एक हात फिरवावा. मंद वेगावर साखळी फिरता कामा नये. फिरत असल्यास मंद वेगाचा स्क्रू कमी करावा, व साखळीचा ब्रेक पुढे ढकलून ती तत्काळ थांबते हे पाहिल्याखेरीज यंत्र कोणाच्या हाती देऊ नये. पात्याचे टोक लाकडात अडकले तर यंत्र चालविणाऱ्याच्या तोंडाकडे उसळते, आणि नव्या दमाच्या इंजिनाने ही उसळी अधिक जोराची होते.

तीन टाक्या झाल्यावर सिलिंडर व सायलेन्सर यांचे स्क्रू थंड यंत्रावर पुन्हा आवळावेत. रिंगा तोवर भिंतीशी मिळतात, म्हणून दाबही पुन्हा मोजावा आणि ती संख्या तारखेसह यंत्राच्या पेटीच्या झाकणावर लिहून ठेवावी.